नोला हॅलोरनच्या हातचा केक

करिंगा फ्लॅट नावाच्या खेड्यात नोला हॅलोरन दोन गोष्टींसाठी ओळखली जाई. तिच्या घरी परदेशातून एका सेमिस्टरपुरती शिकायला आलेली मुलं राहत, आणि नोव्हेंबरातल्या शेतकी प्रदर्शनात फळांच्या केकची, पहिल्या नंबराची निळी फीत तिचीच असे. तिची जीभही कमी नव्हती. पण तिला प्रसिद्धी म्हणता येणार नाही, गावाने ती बावन्न वर्षं सोसली होती एवढंच.

विद्यापीठ वीस किलोमीटरवर, मोठ्या गावात. दुसरं सेमिस्टर जुलैच्या शेवटी, तिकडच्या ऐन थंडीत सुरू होई. तेव्हा एक मूल बॅग ओढत नोलाच्या दारात येई आणि नोव्हेंबरात परीक्षा संपली की विमान पकडून जाई. मधल्या चार महिन्यांत नोला त्याला चार मिनिटांत अंघोळ उरकायला शिकवी, जाळीचं दार न आपटायला शिकवी आणि टोस्टवर व्हेजिमाइटचा तो काळा, खारट लेप लावताना हात आखडता घ्यायला शिकवी. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात कुणावर तरी ओरडायला माणूस हवं, म्हणून आपण मुलं ठेवतो असं ती म्हणे, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं.

केकची गोष्ट त्याहून जुनी. नोला लग्न होऊन आली तेव्हा केक सासूबाईंचा होता. केक करायला घेतला की मर्टल हॅलोरन स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेई. सून तो वासावरून, खिडकीतून डोकावून आणि चुका करकरून शिकली. पंचवीस वर्षं सासू पहिली, सून दुसरी. मग मर्टल गेली आणि त्याच नोव्हेंबरात नोला पहिली आली. म्हातारीने मेल्यावरच जागा सोडली, असं कुणीतरी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये म्हणालं. नोलाने ते ऐकलं आणि काही नाकारलं नाही. त्यानंतर आजतागायत हॉलमधल्या विजेत्यांच्या लाकडी पाटीवर फळांच्या केकच्या रांगेत दुसरं नाव चढलेलं नव्हतं.

हा केक म्हणजे पोरखेळ नव्हे. मनुका, बेदाणे, सुकी फळं कात्रीने एकाच मापाची कापायची. एका चेरीचे सहा तुकडे, एका बदामाच्या चार फाका. परीक्षकाने सुरी चालवली की आतली नक्षी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. लोणी आणि साखर लाकडी चमच्याने फेसायची, कारण यंत्राने हवा जास्त शिरते आणि केक भुसभुशीत होतो. भाजून झाला की भांड्यातच, टॉवेलात गुंडाळून निववायचा. घाईने तारेच्या जाळीवर पालथा घातला की अंगावर रेघा उठतात, आणि त्या रेघा दिसल्या की परीक्षक चव घ्यायच्या आधीच गुण कापून मोकळा होतो. एवढं झाल्यावर तो पाच-सहा आठवडे मुरायला ठेवायचा.

तर अशा केकच्या मुळावर संधिवात आला. नोलाच्या बोटांच्या पेरांवर गाठी आल्या, बोटं एका बाजूला कलली, आणि दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात कात्री हातातून सुटली ती सुटलीच. त्या साली घरात चिलीहून आलेली रोसिओ होती. तिने सगळी फळं कापली, लोणी फेसलं, भांड्याला कागद लावला. नोला खुर्चीत बसून सांगत होती. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी रोसिओची परीक्षा संपली, ती विमानात बसली, आणि नोलाने अर्जावर स्वतःचं नाव लिहिलं. पहिला नंबर आला. पुढच्या साली डेन्मार्कचा मिकेल होता. फावड्यासारखे हात, पण चेरी कापायचा अशी की सोनार बघत राहावा. तोही प्रदर्शनाआधी गेला. केक पुन्हा पहिला आला.

दोघांनीही घरी पोचल्यावर विचारलं होतं, केकचं काय झालं? नोलाने दोघांनाही एकच उत्तर पाठवलं होतं: बरा झाला.

प्रदर्शनाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर नियम छापलेला असतो. वस्तू स्पर्धकाने स्वतः, स्वतःच्या हाताने केलेली असावी. पंधरा वर्षांपूर्वी कोरल फिचचा स्पंज केक याच नियमाखाली बाद झाला होता, कारण अंडी तिच्या मुलीने फेटली होती. तक्रार नोलाने केली होती हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोरलने तेव्हापासून स्पंज सोडला आणि फळांचा केक धरला. दरवर्षी ती दुसरी येत होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. नोलाची मूठ तर आता झाकलीही जात नव्हती, पण ती उघडून बघणारं कुणी गावात नव्हतं. बघणारी दरवर्षी विमानाने निघून जात होती.

यंदा आली वेनिंग. जावातल्या मलांग गावची, मृदाशास्त्र शिकणारी, डोक्याला रुमाल, अंगाने एवढीशी. आल्या दिवशी नोलाने तिला बजावलं, "मला नोला म्हणायचं. इथे सगळे नावाने हाक मारतात."

"नाही जमायचं," वेनिंग म्हणाली. "माझ्या आईला कळलं तर ती पुढच्या विमानाने येऊन मला बडवेल. मी ओमा म्हणते."

"म्हणजे काय?"

"आजी."

"मी कुणाची आजी नाही."

"मग आता झालात."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना तिने नोलाचा उजवा हात हातात घेतला आणि वाकून कपाळाला लावला. घरातून बाहेर पडताना मोठ्यांच्या हाताला असं कपाळ लावायची त्यांची रीत. नोलाला आधी वाटलं, पोरगी अंगठी निरखते आहे. पण वेनिंगला त्या एका क्षणात गाठी लागल्या.  संध्याकाळपासून बरणीची झाकणं, दुधाच्या बाटलीचं टोपण, गाद्यांच्या चादरी, सगळं तिने न विचारता आपल्याकडे घेतलं. नोलाला राग आला. तीन दिवसांनी तो गेला.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी केक करायला घेतला. आई ईदच्या वेळी अठरा थरांचा केक करते, त्यामुळे भट्टीपाशी मी लहानाची मोठी झाले, असं वेनिंगने आधीच सांगून ठेवलं होतं. नोलाने ब्रँडीची बाटली काढली आणि पुन्हा आत ठेवली.

"फळं रात्रभर कशात भिजवायची मग?" वेनिंगने विचारलं.

"कडक चहात. आणि संत्र्याच्या रसात. नियमात दारूचं नाव नाही. जो करणार त्याला चाखता आला नाही तर कसला केक?"

"तुमच्या सासूबाई काय म्हणतील?"

"त्या दार लावून बसल्या असतील. त्यांना ऐकू जाणार नाही."

कापायला पावणेपाच तास लागले. नोला खुर्चीत बसून तोंडाचा पट्टा सोडत होती. "अगं, ती मनुका आहे की लाकडाची मोळी? बारीक!" किंवा "इतकं बारीक नको, पीठ करायचंय का?" वेनिंग हसत कापत होती. तिचं कापणं रोसिओपेक्षा सफाईदार होतं, मिकेलपेक्षाही, आणि तिशीतल्या नोलापेक्षाही. हे शेवटचं कबूल करायला नोलाला संध्याकाळ झाली, आणि तेही तिने मनातच केलं.

"आमच्याकडेही असंच," दुसऱ्या दिवशी लोणी फेसताना वेनिंग म्हणाली. "आई आता खुर्चीत बसून सांगते, दोन्ही मावश्या करतात. केक आईचाच म्हणतात सगळे."

नोलाला ते ऐकून फार बरं वाटलं. जरुरीपेक्षा जास्तच.

मग नोव्हेंबर उजाडला आणि सेमिस्टरचे शेवटचे दिवस सुरू झाले. वेनिंगने ग्रंथालयाची पुस्तकं परत केली, जुनी सायकल विद्यापीठाच्या फलकावर चिठ्ठी लावून एका नेपाळी मुलाला देऊन टाकली, स्नानघरातल्या वजनकाट्यावर बॅग तीनदा तोलली आणि तीनदा उपसली. एका सकाळी टोस्ट खाताना ती म्हणाली, "माझा शेवटचा पेपर शुक्रवारी आहे. विमान मंगळवारचं."

"कुठल्या मंगळवारचं?"

"प्रदर्शनानंतरच्या. मुद्दाम घेतलं. आपला केक बघितल्याशिवाय कशी जाऊ?"

आपला केक. नोलाने चहाचा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. चोराच्या मनात चांदणं. दोन वर्षं जे आपोआप उडून जात होतं ते यंदा शनिवारी सकाळी हॉलमध्ये तिच्या शेजारी उभं राहणार होतं. पोरगी वाचणार, कार्डावर फक्त एन. हॅलोरन. मग म्हणणार, ओमा, माझं नाव? आणि आजूबाजूला अर्धं गाव.

उपाय सरळ होता. अर्जावर वेनिंगचं नाव घालायचं. पण मग गाव विचारणार, नोला, तुझा कुठाय? त्याला उत्तर एकच होतं, माझ्या हातांनी आता होत नाही, आणि ते वाक्य नोलाने अजून डॉक्टरसमोरही धड म्हटलं नव्हतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी या बाईजवळ स्वतःचं म्हणावं असं एक घर होतं आणि एक केक. घर नवऱ्याचं होतं.

गुरुवारी दुपारी केक हॉलवर द्यायचा होता. वेनिंगने तो गाडीत ठेवला, मांडीवर वही घेऊन शेजारी बसली. हॉलसमोर गाडी थांबल्यावर ती उतरायला लागली तशी नोला म्हणाली, "तू बस. उद्या पेपर आहे ना? वाच."

"पण जड आहे, ओमा."

"गावात आणखी हात आहेत."

तिने हॉर्न वाजवला. पाककृती विभाग बघणारी ग्लेनिस टकर बाहेर आली. ती आणि नोला चाळीस वर्षांच्या मैत्रिणी, म्हणजे एकमेकींना चाळीस वर्षं टोचून बोलत आलेल्या.

"काय गं, आज राणीसाहेबांना भोई लागतात वाटतं?" ग्लेनिसने केक उचलला. गाडीतल्या मुलीकडे तिची नजर गेली. "ही तुझी यंदाची?"

"हो. अभ्यास करतेय. बडबडू नकोस."

आत टेबलापाशी ग्लेनिसने कार्ड काढलं. "नाव?"

"दरवर्षी विचारतेस. तेच."

"लिहावं लागतं म्हणून विचारते. आणि इथे सही."

नोलाने दोन्ही हातांनी पेन धरून सही केली. सही मुंगळा पळाल्यासारखी वाकडी आली. ग्लेनिसने ती बघितली, नोलाकडे बघितलं, आणि कार्ड दुमडून ठेवलं. नोला गाडीत येऊन बसली तेव्हा वेनिंगने वहीतून मान वर करून विचारलं, "झालं?" आणि नोला म्हणाली, "झालं." मनातून तिला स्वतःची शिसारी आली होती. घरी गेल्यावर तिने मुलीसाठी अंड्याचं ऑम्लेट केलं, ते करपलं, आणि ती तव्यावर ओरडली.

शनिवारी हॉल दहाला उघडला. बाहेर मेंढ्यांची कातरणी आणि पोरांचे पाळणे सुरू होते, आत विणकाम, मुरांबे आणि केक. दोन रात्री नोलाने उत्तरं जुळवली होती. नियम असा असतो, पोरी. एकाच नावाने द्यायचं असतं. पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ही कुठे असणार, हे त्या उत्तरात बसत नव्हतं.

वेनिंग पुढे धावली. केक जाळीच्या कपाटात होता, एक फाक कापलेली, वर निळी फीत. शेजारी लाल फितीचा कोरल फिचचा. वेनिंगने परीक्षकाचा शेरा मोठ्याने वाचला. "फळांची कापणी उत्कृष्ट, आजवर पाहिलेली सर्वांत एकसारखी. ब्रँडी नसूनही चव भरीव." मग खालचं नाव वाचलं. नोलाने ओठ घट्ट मिटले.

"ओमा!" वेनिंगने टाळ्याच पिटल्या. "ओमा, तुम्ही जिंकलात!"

तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. नोलाने नीट शोधलं, तरी सापडलं नाही. मुलीने फोटो काढला, आईला पाठवला आणि आपल्या भाषेत भरभर काहीतरी बोलली. त्यातले दोनच शब्द नोलाला कळले, ओमा आणि केक. अशा आनंदासाठी तिने एकही उत्तर तयार केलं नव्हतं, कारण पोरगी काहीच मागणार नाही हे तिला सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात कोरल फिच आली. हातात चहाचा कप, अंगावर दरवर्षीचा निळा कोट. पंधरा वर्षं ती दरवर्षी न चुकता येऊन अभिनंदन करत होती, आणि नोलाला ती दरवर्षीची शिक्षा वाटे.

"अभिनंदन, नोला. कापणीला तोड नाही हं तुझ्या. कसं काय जमतं या वयात?"

"जमत नाही," नोला म्हणाली.

"काय?"

"ही कापणी माझी नाही. या पोरीची आहे. फेसणंही तिचं. सगळंच तिचं." नोलाने दोन्ही हात कोरलसमोर धरले. "हे बघ. यांनी कात्री धरवत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. शेजारी मुरांबे बघणाऱ्या दोघी बायका मुरांबे बघायच्या थांबल्या. कोरल हातांकडे बघत राहिली. वेनिंग घाबरली.

"ओमा, असं काय म्हणता? मी नुसतं कापलं. सांगत तर तुम्हीच होतात!"

"इथे हात मोजतात, पोरी, तोंड नाही. तोंड मोजत असते तर मी मेल्यावरही पहिली आले असते."

ग्लेनिस टेबलामागून आली. तिने सगळं ऐकलं होतं. हॉलमध्ये कुणाचं काही तिच्या कानांवाचून राहत नसे. तिने किल्ली काढून जाळीचं दार उघडलं, निळी फीत सोडवली आणि हातात धरून उभी राहिली.

"नोला, मला हे लिहावं लागेल."

"लिही."

"यंदाचाच ना?" ग्लेनिसने हळू विचारलं. "फक्त यंदाचाच?"

तिने नोलाला सुटायला दार उघडून धरलं होतं. गुरुवारची सही तिने पाहिली होती, आणि त्याआधीच्या दोन वर्षांच्या सह्याही तिच्याच कपाटात होत्या. नोलाने फक्त हो म्हणायचं होतं. यंदा हात गेले, यंदा चूक झाली, म्हातारी बाई, लोक चार दिवसांत विसरले असते. कोरलला एक फीत मिळाली असती. पोरगी मंगळवारी गेली असती.

"नाही," नोला म्हणाली. "तीन वर्षांचे. दोन सालांपूर्वीचा रोसिओने केला, गेल्या सालचा मिकेलने. मी खुर्चीत बसले होते."

कोरलने कप जवळच्या टेबलावर ठेवला. काहीतरी जळजळीत बोलायला तिने तोंड उघडलं. तिला तेवढा हक्क होता. पण तिने लाल फितीच्या आपल्या केककडे बघितलं आणि कप पुन्हा उचलला. ग्लेनिसने तीन वर्षं कागदावर एकाखाली एक लिहिली.

"त्यांना माहीत आहे?" वेनिंगने विचारलं.

"कुणाला?"

"रोसिओला आणि मिकेलला. ते पहिले आले होते हे."

 नियम, फीत, पाटी, गाव, कोरल, या सगळ्याचा नोलाने विचार केला होता. हा केला नव्हता. दोन पोरं घरी जाऊन विचारत होती, केकचं काय झालं, आणि तिने त्यांना सांगितलं होतं, बरा झाला. एक आता कुठे नोकरी करतो, एक कुठे शिकते, आणि दोघांनाही वाटतंय की करिंगा फ्लॅटमध्ये आपण एक बरा केक केला होता. नोलाचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला तिने कुणाला बोलावलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही त्यांना."

वेनिंगने लगेच हात पुढे केला. "फोन द्या ओमा, मी लिहिते. तुम्ही नुसतं सांगा."

नोलाने पर्समधून फोन काढला आणि तिच्या हातापासून दूर धरला.

"नको. हे मीच लिहिणार."

ती खिडकीखालच्या बाकावर बसली, फोन मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताच्या एका वाकड्या बोटाने सुरुवात केली. तुझा केक पहिला आला होता. मी तो माझ्या नावावर लावला. बोट दोनदा भलत्याच अक्षरावर पडलं, तिने पुसून पुन्हा लिहिलं. वेनिंग शेजारी बसून राहिली आणि तिने मदत केली नाही. दोघांना चार चार ओळी लिहायला पाऊण तास लागला, तोवर बाहेर मेंढ्यांची कातरणी संपली होती.